नाव घातलेली वाटी

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. पुण्यात बाहेरून शिकायला आलेल्या कुणालाही विचारा, बाकी काही आठवो न आठवो, हे त्याला आठवणारच. दुपारी फीस्ट, म्हणजे एक गोड, एक पापड किंवा भजी आणि पुलाव म्हणून दिलेला पिवळा भात, आणि रात्री तुमचं तुम्ही बघा. ज्यांचा ग्रुप असतो त्यांचं चार वाजल्यापासून सुरू होतं, कुठं जायचं, कुणाची गाडी आहे, महिनाअखेरीला कुणाकडं किती उरलेत. ज्यांचा नसतो ते चार वाजल्यापासून झोपायचा प्रयत्न करतात. मी पहिले सात रविवार झोपायचा प्रयत्न केला. आठला उठायचं, डब्यातला चिवडा खायचा, वर पाणी प्यायचं, आणि आईचा फोन आला की सांगायचं, हो जेवले, मैत्रिणींबरोबर बाहेर गेलेले, पावभाजी खाल्ली. आई विचारायची कुठल्या मैत्रिणी. मी म्हणायचे अगं आहेत वर्गातल्या, तुला नावं सांगून काय कळणारे.

ही गोष्ट २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरची. लातूरहून मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.ए. ला आले होते, विषय मानसशास्त्र. पुढं दोन वर्षं सगळ्यांनी माझी यावरून मनसोक्त टिंगल केली, की बाई माणसांचा अभ्यास करायला आलीये आणि माणसांशी बोलत नाही.

गणेशखिंडीतला तो ४११ एकरांचा परिसर ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. वडाची एवढाली झाडं, पारंब्या पार जमिनीत शिरून त्यांचेच नवे बुंधे झालेत, मधेच ती दगडी मेन बिल्डिंग जी एकेकाळी गव्हर्नरचा बंगला होती. (२२ जून १८९७ ला याच बंगल्यातल्या राणीच्या ज्युबिलीच्या समारंभाहून निघालेल्या रँडला चापेकरांनी गणेशखिंड रोडवर गाठलं, हे शाळेत पाठ केलेलं, आणि आता मी त्याच आवारात झेरॉक्सचं दुकान शोधत फिरत होते.) अशा जागेत एकटं चालायला पहिले चार दिवस फार भारी वाटतं. पाचव्या दिवसापासून वाटायला लागतं की आपण एकटं चालतोय हे सगळ्यांना दिसतंय. मग मी भराभर चालायला लागले, जणू मला कुठंतरी उशीर होतोय. कधी कधी फोन कानाला लावून चालायचे, पलीकडं कुणी नसायचंच. सगळ्यात सोयीची जागा जयकर ग्रंथालय, तिथं एकटं बसलेलं माणूस अभ्यासू दिसतं. पहिल्या सेमिस्टरला मला जे मार्क पडले त्याचं श्रेय हुशारीला देऊ नका प्लीज.

राहायला औंध रोडला कॉट बेसिसवर जागा मिळाली होती. कॉट बेसिस म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खोली भाड्यानं मिळत नाही, खोलीतली कॉट मिळते. कॉट, तिच्याखालची जागा, भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा, आणि एक प्लग पॉइंट जो नेमका दुसऱ्याच्या उशाशी असतो. आमच्या मजल्यावर अशा चार खोल्या, प्रत्येकीत तीन कॉट, पॅसेजच्या टोकाला एक पाण्याचा फिल्टर. खाली मालकीणकाकू. रात्री दहाला गेट बंद, इंडक्शन चालणार नाही, दहानंतर डिलिव्हरीवाला आला तर त्याला काकू स्वतः परत पाठवणार. माझ्या खोलीत अजून दोघी. एक मिरजेची, लॉ करायची. दुसरी कुठल्यातरी कंपनीत होती, ती सकाळी सातला जायची, रात्री नऊला यायची आणि कानात इअरफोन घालून भिंतीकडं तोंड करून झोपायची, दोन महिन्यांनी सोडूनही गेली, मला तिचा चेहराही आता नीट आठवत नाही. मिरजवालीशी माझं दोन महिन्यांत झालेलं एकूण बोलणं म्हणजे "लाइट बंद करू का" आणि "हो".

आता यात दोष कुणाचाच नव्हता, थोडा माझा होता आणि बराचसा माझ्या बॅगेचा होता. मी घरून येताना सगळं घेऊन आले होते. सगळं म्हणजे सगळं, दोन चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, सुई-दोरा, सेलोटेप, कात्री, कुलपं तीन, छत्र्या दोन, तापाच्या गोळ्या, पोटाच्या गोळ्या, मेणबत्ती. हे बाबांचं. त्यांचं एकच सांगणं, ट्रॅव्हल्सच्या खिडकीतून पण तेच सांगितलं, कुणापुढं हात पसरायची वेळ येऊ द्यायची नाही. आमच्या घरात हे वाक्य देवासारखं आहे. बाबांनी दुष्काळात लोकांना दिलंय, पण स्वतः कुणाकडं काही मागितलेलं मी पाहिलं नाही, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा नाही.

आई याच्या बरोब्बर उलट. आईची अर्धी दुपार उसनवारीत जाते. वाटीभर साखर, चार कढीपत्त्याची पानं, विरजण, एखादा कांदा. लहानपणी ते काम माझं असायचं, वाटी घेऊन जा आणि काकूंना म्हण आईनं जरा चहापत्ती मागितलीये. मला लाज वाटायची कारण कित्येकदा चहापत्ती घरात असायची. आणि परत करताना वाटी रिकामी जायची नाही, काही ना काही घालूनच, चमचाभर चटणी, दोन लाडू, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. रिकामं भांडं परत देऊ नये हा नियम. त्यामुळं व्हायचं काय की त्यांची वाटी आमच्याकडून भरून गेली की पुढच्या वेळी आमची त्यांच्याकडून भरून यायची, आणि हा हिशोब वीस वर्षं मिटलेला नाही. आमच्या गल्लीत कुणाचं कुणाकडं किती बाकी आहे हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तर बाबांच्या त्या सगळ्या सामानात आईनं एक स्टीलची वाटी कोंबली होती. आजीची. काठाखाली मशीननं टिंब टिंब करून नाव घातलेलं, आजीचं नाव, गाव आणि सन १९८४. मी म्हटलं मेसला जेवणारे मी, वाटी कशाला. आई म्हणाली असू दे, लागते.

मेसवरून आठवलं. दुसऱ्याच आठवड्यात मेसमध्ये शेजारच्या टेबलवरच्या एका मुलीनं विचारलं की तू जेवून आलीस का आत्ता बसलीस, आणि मी म्हटलं, "नाही, जेवायलेय की अजून." ती आणि तिची मैत्रीण एकमेकींकडं बघून हसल्या. वाईट नव्हत्या त्या, "किती क्यूट, जेवायलेय!" असं म्हणाल्या. पण मला ते लागलं. आमच्याकडं करायलेय, जायलेय, जेवायलेय असंच बोलतात, मला बावीस वर्षांत कधी कळलं नव्हतं की यात हसण्यासारखं काही आहे. त्या दिवसापासून मी प्रत्येक वाक्य आधी मनात बोलून बघायला लागले. करतेय, जातेय, जेवतेय. तुम्ही कधी असं केलंय का माहीत नाही, वाक्य आधी तपासून बोलायचं म्हटलं की तोपर्यंत समोरच्यांचा विषय बदललेला असतो. वर्गात कुणीतरी मला म्हणालं, तू लातूरची वाटत नाहीस अजिबात, तुझी मराठी किती शुद्ध आहे. मी थँक्यू म्हटलं! कशाबद्दल म्हटलं देव जाणे.

आठव्या रविवारची रात्र. साडेअकरा वाजलेले, गेट बंद, मेडिकल बंद, आणि माझी पाळी चार दिवस आधी आली. बाबांच्या त्या सर्वसमावेशक बॅगेत सगळं होतं, पॅड नव्हते, कारण ती बॅग बाबांनी भरली होती. मी कपाटाचा कप्पा दोनदा उपसला. मग पाच मिनिटं कॉटवर बसून विचार केला की कापड वापरू का, टिश्यू वापरू का, सकाळपर्यंत जागीच बसू का. आज हे लिहिताना हसू येतं, पण खरंच मी हे सगळं आधी मनात आणलं आणि दोन हातांवर झोपलेल्या मिरजवालीला विचारणं सगळ्यात शेवटी.

म्हटलं, "जागी आहेस का?"

"आहे. बोल की."

"पॅड आहे का गं एखादं?"

तिच्याकडं नव्हतं. पण ती उठली, मी नको नको म्हणत असताना केस वर बांधले, "थांब, मी आलो," म्हणाली आणि गेली. मी आलो! मुलगी असून मी आलो. तिकडं कोल्हापूर-सांगली पट्ट्यात मुली असंच बोलतात हे मला ऐकून माहीत होतं, पण ही गेले दोन महिने माझ्याशी बोललीच नव्हती तर मला कळणार कसं. बाहेर पॅसेजमध्ये तिनं तीन नंबरचं दार असं वाजवलं की मला वाटलं काकू उठून येतात. आतून आवाज आला, "कोण आहे बे? आग लागली का?" दोन मिनिटांनी मिरज परत आली, हातात अख्खं पॅकेट, आणि मागून डोळे चोळत एक उंच मुलगी, नागपूरची. ती बघायला आली होती की नेमकं कोणाला पाहिजे. मी बाथरूममधून बाहेर आले तर ती माझ्याच कॉटवर मांडी घालून बसलेली. "पोट दुखून राहिलं का? हॉट वॉटर बॅग आहे माझ्याकडं, पण गळते."

त्या रात्री आम्ही अडीचपर्यंत बसलो. भूक लागली म्हणून माझा चिवडा निघाला, मिरजेनं भडंग काढलं, नागपूरनं जाऊन संत्रा बर्फीचा बॉक्स आणला ज्यात दोनच तुकडे होते आणि तेही वाळलेले. कुणीतरी विचारलं तू काय करतेस रविवारी संध्याकाळी, आणि मी, रात्रीचा एक वाजलेला, पोट दुखतंय, वाक्य तपासायचं विसरून गेले. म्हटलं, "काय करणार, झोपायलेय." दोघी हसल्या, मी गप्प झाले. तर नागपूर म्हणाली, "झोपायलेय म्हणजे झोपून राहिली नं?" मिरज म्हणाली, "झोपालीय म्हणायचं असंल तिला." मग अर्धा तास तेच. एकच क्रियापद घेऊन आम्ही महाराष्ट्र फिरलो, खानदेशात काय म्हणतात, मालवणात काय म्हणतात, येत नव्हतं ते बिनधास्त बनवून सांगितलं. त्या रात्रीपासून आमची नावंच ती पडली, लातूर, मिरज, नागपूर. आजही फोनमध्ये तशीच सेव्ह आहेत.

आणि मग पाण्याचं निघालं. मिरज म्हणाली, लातूर म्हणजे तुम्हाला आमच्याकडनं रेल्वेनं पाणी गेलेलं ते ना? हो, तेच आम्ही. २०१६, मी आठवीत होते. धनेगावचं मांजरा धरण पार कोरडं पडलेलं, मार्चमध्ये तर पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलेलं, आम्ही पोरं टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायचो. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून. बाबा मला स्टेशनकडं घेऊन गेलेले बघायला, गर्दीत काही दिसलं नाही, पण बाबा गाडीकडं बघून बराच वेळ गप्प उभे होते. हे मी पहिल्यांदाच कुणालातरी सांगत होते. मिरजनं ऐकून घेतलं आणि गंभीर चेहरा करून म्हणाली, "म्हणजे आमच्या कृष्णेचं पाणी पिलीयस तू. आणि दोन महिने झाले मला साधं गुड मॉर्निंग नाही." नंतर तिनं सांगितलं २०१९ च्या ऑगस्टचं, सांगलीला पूर आला तेव्हा त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं, ते दहा दिवस एका शाळेत राहिले, आणि तिथं दुसऱ्यांनी दिलेले कपडे घालताना तिला सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल तर एका टीशर्टावर कुठल्यातरी जाहिरातीचं काहीतरी लिहिलेलं त्याचा. पाणी मिळेना म्हणून रडलेलं एक गाव आणि पाणी घरात शिरलं म्हणून रडलेलं दुसरं, दोघी एका कॉटवर भडंग खात बसलेल्या, आणि नागपूर म्हणत होती, आमच्याकडं पाण्याचं काही नाही बे, आम्ही फक्त उन्हानं मरतो.

दुसऱ्या दिवशी मात्र मी परत बाबांची मुलगी झाले. सकाळी मेडिकल उघडल्या उघडल्या त्याच ब्रँडचं, तेवढ्याच नगांचं पॅकेट आणलं आणि नागपूरच्या दारात जाऊन दिलं. तिनं घेतलं नाही. चेहराच उतरला तिचा. "हिशोब करून राहिली का?" म्हणाली आणि दार लावलं. मला कळेना काय चुकलं. उसनं घेतलं, परत केलं, नीट वागले. जिन्यात उभी राहून मी आईला फोन केला, खरं सगळं सांगितलं, अगदी सात रविवारच्या पावभाजीचंही. आई आधी पाच मिनिटं पावभाजीवरून ओरडली. मग म्हणाली, "अगं येडे, जसंच्या तसं परत करतात ते दुकानात. वाटी दिलीय ना तुला?"

शेंगाची चटणी होती डब्यात. आजीची वाटी भरली, वर झाकण म्हणून वहीचा कागद, आणि तीन नंबरला नेऊन दिली. वाटी पाच दिवसांनी परत आली, तिच्यात रूम हीटरवर (हो, काकूंना माहीत नव्हतं) केलेला शिरा होता, करपलेला. मग ती वाटी मिरजेकडं गेली. मग अशीच फिरत राहिली.

आमच्या समाजमानसशास्त्राच्या पेपरात पुढं एक अभ्यास आला, फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांचा, १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला. अमेरिकेत एमआयटीची विवाहित विद्यार्थ्यांसाठी एक वसाहत होती, वेस्टगेट, तिथं कुणाची कुणाशी मैत्री झाली हे त्यांनी तपासलं. स्वभाव, आवडीनिवडी वगैरे राहिलं बाजूला, सगळ्यात जास्त मैत्री निघाली शेजारच्या दाराशी, आणि जिन्याशेजारी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी, कारण वरची माणसं येता-जाता त्यांच्या दारावरून जायची. मला वर्गात बसून आमचा पॅसेजच्या टोकाचा फिल्टर दिसायला लागला. फिल्टरशेजारच्या खोलीतल्या मुली सगळ्यांना ओळखायच्या हे खरंच होतं. पण मी मनात म्हटलं सर, मी दोन महिने दोन हातांवर झोपत होते, त्याचं काय. जवळ असून भागत नाही, एकीला तरी काहीतरी कमी पडावं लागतं.

आणि त्याच पेपरात बेंजामिन फ्रँकलिन भेटला. आत्मचरित्रात त्यानं लिहिलंय की पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातला एक सदस्य त्याच्या विरोधात होता, फ्रँकलिननं त्याची खुशामत वगैरे केली नाही, त्याच्या संग्रहातलं एक दुर्मिळ पुस्तक थोडे दिवस वाचायला मागितलं. त्यानं लगेच पाठवलं, फ्रँकलिननं आठवडाभरात आभाराच्या चिठ्ठीसोबत परत केलं, आणि पुढच्या भेटीत तो माणूस, जो आधी कधी बोलला नव्हता, आपणहून बोलायला आला आणि मरेपर्यंत मित्र राहिला. म्हणजे ज्यानं दिलं त्याला आपण आवडायला लागतो. मानसशास्त्रात याला फ्रँकलिनचंच नाव आहे. आईला फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, बरं मग? तिला यात शिकवण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही.

आता सगळं असंच गोड आहे असं वाटायला नको म्हणून सांगते. वर्गातला एक मुलगा, अनिकेत, कँटीनला रोज आमच्यासोबत चहाला असायचा, त्यानं दुसऱ्या सेमिस्टरला माझ्याकडून तीन हजार घेतले, घरी पैसे पाठवायचेत म्हणाला. त्यानंतर तो कँटीनला यायचा बंद झाला. मी कधी मागितले नाहीत. आधी वाटायचं पैसे गेले, नंतर वाटायला लागलं की पैसे मागितले असते तर निदान तो तरी राहिला असता, भांडून का होईना. पैशाचं उसनं वेगळंच असतं, त्यात वाटी नसते, त्यात काही घालून परत करता येत नाही, जेवढे घेतले तेवढेच द्यायचे आणि ते जमेना तर तोंड चुकवायचं. मला तो अजून कधी कधी दिसल्यासारखा वाटतो रस्त्यात.

आणि एक होती पुण्याची, वर्गातली. सगळ्यात हुशार, सगळ्यात व्यवस्थित. तिनं मला पहिल्या महिन्यात नोट्स दिल्या, पुढं गणपतीला घरी बोलावलं, तिच्या आईनं उकडीचे मोदक बांधून दिले, मी मोदकाचा डबा परत करताना त्यात धपाटे घालून नेले तर ती म्हणाली अय्या कशाला गं एवढं, लिटरली गरज नव्हती. ती फार चांगली होती, आहे. पण तिला कधी काही लागायचंच नाही. पेन लागायचं नाही, लिफ्ट लागायची नाही, रडायला खांदा तर नाहीच नाही. दीड वर्षं ती देत राहिली आणि मी थँक्यू म्हणत राहिले, आणि आमच्यात तेवढंच राहिलं. मला वाटायचं, श्रीमंती पैशाची असते तशी ही पण एक श्रीमंती, कुणाची गरजच न लागणं, आणि मी येताना बॅगेत तीच भरून आणलेली की.

मग शेवटच्या वर्षी ट्रॅडिशनल डेच्या आदल्या दिवशी तिचा मेसेज, तुझ्याकडं ती इरकल आहे ना, काळी, लाल काठाची, मिळेल का उद्यापुरती. मी इतकी खूश झाले की औंध रोडवरून रिक्षा करून तिला नेऊन दिली, रिक्षाला दीडशे गेले. चौथ्या दिवशी ती साडी घेऊन आली ती रडवेली होऊन. पदरावर चहाचा डाग. ड्रायक्लीनला टाकूनही गेला नव्हता, ती नवीन साडी घेऊन द्यायला निघालेली, किंमत विचारत होती. माझ्या तोंडून निघालं, "हिशोब करून राहिली का?" ती बघतच राहिली, पुणेरी पोरीला हे नागपुरी लातूरवालीच्या तोंडून. मग हसली, मग तिथंच वडाच्या पारावर बसून तिनं सांगितलं की घरी काय चाललंय, जे इथं लिहिणार नाही. साडी आईची होती. आईला डाग दाखवला तर आई म्हणाली, असू दे, कोण होती ती? आता आईला नावं कळायला लागली होती.

त्यानंतर आमच्या रविवारच्या संध्याकाळी चौघी असायच्या. फार काही करायचो असं नाही. खडकीला जाऊन पाणीपुरी, नाहीतर काकूंची नजर चुकवून मॅगी. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आयुका, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातली खगोलशास्त्राची संस्था, सगळ्यांसाठी उघडी असते, तिथं रांगेत उभं राहून फुकोचा लंबक बघितला, पृथ्वी फिरते ते त्यावरून कसं कळतं हे तिथल्या एका स्वयंसेवकानं आम्हाला दोनदा समजावलं, नागपूरनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन असे चौघांचे पुतळे आहेत. मिरज म्हणाली, बघा, यांच्यात पण कुणी कुणाशी बोलत नाही.

जून २०२५ मध्ये खोली सोडली. आवरताना बाबांची बॅग परत भरली तर ती अर्धी रिकामी होती, एक्स्टेन्शन बोर्ड मिरजेकडं, कात्री कुणाकडं आठवेना, एक छत्री काकूंकडं, दोन कुलपं नवीन आलेल्या मुलींकडं. बाबा न्यायला आले होते, ते म्हणाले एवढं सामान गेलं कुठं. आणि वाटी मिळेना. मिरज म्हणाली माझ्याकडं नाही. नागपूर आधीच घरी गेलेली, फोन केला तर म्हणाली, "अगं आहे नं, माझ्याकडंच आहे. मागच्या वेळी तू गूळपापडी दिली होती त्यात. आता रिकामी कशी पाठवू, तू येऊन घेऊन जा." अजून गेलेली नाही. नागपूर काही जवळ नाही, आणि मलाही घाई नाहीये.

आता मी नाशिकला असते, एका शाळेत समुपदेशक म्हणून. वन आरके, तिसरा मजला, स्वतःचा फ्रीज, स्वतःचा गॅस, मेस नाही. दोन महिने झाले, वॉचमन सोडून या बिल्डिंगमध्ये कुणाशी बोलले नाहीये. समोरच्या दारावर एक पाटी आहे, खाली चपलांचे दोन जोड, एक बाईंचा, एक लहान मुलाचा. संध्याकाळी आतून पाढे ऐकू येतात, मुलगा सतराच्या पाढ्यात रोज त्याच जागी अडकतो.

काल रविवार होता. दूध तापवून कोमट करून ठेवलं. फ्रीजमध्ये दह्याचा डबा होता, अर्धा भरलेला, तो मी बघितला आणि फ्रीज लावून टाकला. वाटी घेतली, नवीनच आहे, तिच्यावर नाव घातलेलं नाही अजून. समोरची बेल वाजवली. आतला पाढा थांबला, बाईंनी दार थोडंसंच उघडलं, हाताला पीठ लागलेलं.

म्हटलं, "ताई, मी समोर राहते. विरजण लावायलेय, चमचाभर दही मिळेल का?"